तीन ठिपक्यांचा विळा

नंदुरबार,
शुक्रवार, २१ मार्च २०२५
(वीस रमजान)

भाऊ अझरुद्दीन,

अस्सलामु अलैकुम. मदिहाला सलाम, मुलांना दुआ. इथे अल्लाहच्या मेहेरबानीने आम्ही बरे आहोत. रोजे नीट चालले आहेत, तुमचेही चालले असतील.

आलेल्या वस्तूंची पोच देते. तुझ्या वकिलाची नोटीस, चार पानं, रजिस्टरने, टपालखर्च तुझा. तीन ठिपक्यांचे दोन विळे, मोलगीच्या बाजारातून, ऐंशीला एक, दोनांचे एकशेसाठ. ते मीच विकत घेतले. घासाघीस केली नाही, भावाच्या मालाला काय घासाघीस करायची. विळ्याभोवती गुंडाळलेला रंगीत कागद, फुकट.

फोन तू उचलत नाहीस. शिवाय रजिस्टरने आलेल्याला रजिस्टरनेच उत्तर द्यावं, असं पोस्टातल्या बाई म्हणाल्या. पण मी वकिलाला लिहीत नाही, तुला लिहिते. उर्दू लिहायला आपल्या दोघांचाही हात अडखळतो, मराठी शाळेत गेलो ना, म्हणून मराठीतच.

आधी त्या रंगीत कागदाचं. त्यावर छापलंय, ‘अस्सल नंदुरबारी विळा. गफूर उस्ताद यांच्या भट्टीत हाताने घडवलेला. तीन ठिपके पाहूनच घ्या.’ अज्जू, अब्बांची भट्टी जगात एकच आहे आणि तिची राख रोज सकाळी मी काढते. तुझा एकही विळा तिच्यातून गेलेला मी पाहिला नाही. तू भट्टीपाशी शेवटचा आलास तो अब्बा गेल्यावर, त्यांच्या चाळिसाव्याला. तेव्हाही धुराने डोळे चुरचुरतात म्हणून बाहेर ओट्यावर जाऊन बसलास. चहा तिथेच मागवलास.

सुरतेच्या कारखान्यात पट्टी कापून विळे निघतात, ते मला माहीत आहे. त्यात काही पाप नाही. स्वस्त विळाही कोणाला तरी लागतोच. तुझं नाव घाल, सुरतेचं नाव घाल आणि विक, मी पाच वेळच्या नमाजात तुझ्या धंद्यासाठी दुआ मागीन. पण तू घातलंस ते नाव माझ्या बापाचं, आणि गाव माझं.

आता नोटिशीचं. मॅट्रिकपर्यंतची मराठी तेवढ्याला पुरली. त्यात म्हटलंय की तीन ठिपक्यांची खूण तू सरकारदरबारी तुझ्या नावावर नोंदवून घेतली आहेस, आणि ‘वाहिद नावाचा इसम’ ती खूण वापरून लोकांची दिशाभूल करतो. इसम! ज्याने तुला खांद्यावर बसवून सारंगखेड्याच्या जत्रेत घोडे दाखवले, तो इसम. मिसरूड फुटायच्या आधीपासून अब्बांसमोर घण मारत होता, तो इसम. अब्बांनी पोटची मुलगी त्याला दिली ती त्याचा हात बघून. तू तेव्हा दोस्तांमध्ये ‘आमच्या भट्टीचा भाता आपोआप चालतो, जावई ठेवलाय’ म्हणून हसायचास, तेही मी ऐकलं होतं. असो. रोज्यात जुनं उकरू नये.

नोटिशीतली पहिली तीन कलमं मला समजली. ठिपके मारू नका, ठिपक्यांचा माल विकू नका, अब्बांचं नाव सांगू नका. चौथं कलम मी पुन्हा वाचलं. ‘सदर खुणेचे मोडके विळे बदलून देणे तात्काळ बंद करावे, कारण त्यामुळे तो माल आपलाच असल्याचा ग्राहकांचा गैरसमज होतो.’ मला इतकं हसू आलं की ओढणी तोंडात कोंबून आत जावं लागलं.

बदलून देणं म्हणजे काय, हे तुझ्या वकिलाला माहीत नसेल. तुला माहीत आहे. डोंगरातल्या बाया अक्षर वाचत नाहीत, विळा हातात घेतला की मुठीजवळ अंगठा फिरवतात. तीन खळगे लागले की विळा कमरेला. आणि मोडला, तर पुढच्या बाजाराला, पुढच्या वर्षी, कधीही आणून द्यायचा. अब्बा कधी घेतला, कुणाकडून घेतला, काय तोडायला गेली होतीस, असं विचारायचे नाहीत. मोडका पोत्यात आणि नवा हातात. मोडलेलं लोखंड पुन्हा भट्टीत जायचं. वर्षाकाठी असे मोडके विळे मूठभर यायचे, कारण अब्बांनी तापवून पाणी दिलेला विळा सहसा मोडायचाच नाही.

दोन वर्षांपासून ते पोत्याने येतात.

मला आधी कळलं नाही. जकातीच्या दानाचा हिशेब मी रमजान लागायच्या आत करून ठेवते. तयार माल एका बाजूला, लोखंड-कोळसा एका बाजूला, मोडके विळे भंगारात. यंदा मोजायला गेले तर मोडक्यांच्या पोत्यांनी भट्टीचं मागचं दारच उघडेना. मी ह्यांना म्हटलं, ‘इतके मोडतात कसे? तुमच्या हातचं पाणी कमी पडतंय का?’

माणसाला दुखेल असं बोलले, हे बोलल्यावर कळलं. ह्यांनी एक आपला विळा घेतला, एक पोत्यातला तुटका, आणि ऐरणीवर एकेकदा आपटले. आपल्याचा आवाज बराच वेळ कानात राहिला. दुसरा पत्र्याच्या डब्याच्या झाकणासारखा वाजला.

‘म्हणजे हा आपला नाहीच?’

‘नाही.’

‘ठाऊक होतं तुम्हाला?’

‘हातात घेतला की कळतं.’

‘मग बदलून का दिला?’

तर म्हणाले, ‘त्याच्यावर ठिपके आहेत. बाई डोंगर उतरून आली, अंगठ्याने ठिपके दाखवले. तिला काय सांगू, उस्तादांचे ठिपके खोटे म्हणून?’

डोंगरातलेच नव्हे, सपाटीवरचे लोकही मोडके विळे आणतात. कोरीटचे हेमराजभाऊ तुला आठवतील, गुजरांचे, ज्यांच्याकडची केळी ईदला यायची. ते भर दुपारी ओट्यावर आले आणि वाकलेला विळा माझ्यासमोर नाचवत म्हणाले, ‘भाभी, हाऊ इळा तुमनाच शे ना? मंग असा काय करी ऱ्हायना? हरभरा कापू का याले सरळ करू?’ शेजारपाजारचे हसले. ह्यांनी त्यांनाही नवा दिला. हेमराजभाऊ खूश होऊन गेले, आणि जाताना म्हणाले, कागदावर उस्तादांचं नाव वाचलं म्हणून डोळे झाकून घेतला होता.

म्हणजे तू विकायचं आणि आम्ही निस्तरायचं, असं दोन वर्षं चाललं आहे. तुझा कच्चा विळा गिऱ्हाइकाकडून आमच्याकडे, आमचा पक्का विळा गिऱ्हाइकाकडे, आणि गिऱ्हाईक म्हणतं, वा, उस्तादांचा शब्द पक्का आहे, अजून दोन घेऊन येतो. ते दोन घेतं तुझ्या जीपवरून, कारण ते स्वस्त. आणि एवढं करून तुझा वकील लिहितो की बदलून देऊन आम्ही तुझा माल आमचा म्हणून भासवतो.

इथल्या एका वकिलाला नोटीस दाखवली. चांगला माणूस, मुस्लिम नाही पण रोजा आहे का विचारून स्वतःचा चहा बाजूला ठेवला. तो म्हणाला, नोंदणी केली म्हणून सगळं संपत नाही. खूण आधीपासून कोण वापरतो, लोक त्या खुणेवर कुणाचा माल समजून विश्वास ठेवतात, तेही कोर्ट बघतं. रनाळ्याचे, कोरीटचे, मोलगीचे चार जुनी गिऱ्हाइकं साक्षीला आणा, आपण उलट त्यांच्यावरच दावा लावू, की माल सुरतेचा आणि सांगतात नंदुरबारचा. मला तिथल्या तिथे हो म्हणावंसं वाटलं. हे उठले. जिन्यात मला म्हणाले, ‘उस्तादांच्या मुलाविरुद्ध उस्तादांचीच गिऱ्हाइकं उभी करू? रहने दे, नईमा.’

आणि मी राहू दिलं. घरापुरतं.

आता मोलगीच्या बाजाराचं लिहायला हवं. पण असरची अजान झाली, आणि नंतर खिचड्याची डाळ भिजत घालायची आहे. बाकीचं उद्या.

शनिवार, सकाळी

काल डाळीचं निमित्त केलं. डाळ आधीच भिजत होती.

भरतने तुला फोन केलाच असेल. तोच, तुझा माल जीपमधून विकतो तो. त्याने काय सांगितलं ते मला माहीत नाही, म्हणून माझ्या तोंडून ऐक.

होळीआधीचा मोलगीचा बाजार. वर्षाची निम्मी विक्री त्या एका दिवशी होते, ते तुला सांगायला नको. ह्यांच्याबरोबर एरवी जोडीदार असतो, त्याच्या घरी लग्न निघालं, म्हणून मी गेले. निकाहनंतर मी मोलगी पाहिलीच नव्हती. रोजा होता. गर्दी इतकी की प्रवासी जीपमधून उतरताना माझी एक चप्पल हरवली, ती नंतर ढोल विकणाऱ्याच्या पोराने आणून दिली.

आमचं गोणपाट अब्बांच्याच जागेवर. आणि समोर, हाकेच्या अंतरावर, तुझी जीप. बॉनेटवर विळ्यांचा ढीग आणि भरत भोंग्यातून ओरडतोय, ‘अस्सल नंदुरबारी! गफूर उस्तादचा विळा! ऐंशीला एक!’ अब्बांचं नाव भोंग्यातून मी पहिल्यांदा ऐकलं. अब्बा नमाजशिवाय कधी मोठ्याने बोलले नाहीत.

मी तिकडे गेले आणि दोन विळे घेतले. तो मला ओळखत नव्हता. कागदात गुंडाळता गुंडाळता म्हणाला, ‘मावशी, ठिपके बघून घेत जा. बाजारात डुप्लिकेट आलाय.’

मी म्हटलं, ‘कुठे?’

त्याने हनुवटीने दाखवलं. ‘तो काय, गोणपाटावर. टोपीवाला.’

मी वळून पाहिलं. हे उकिडवे बसून एका म्हाताऱ्याच्या विळ्याची मूठ ठोकून देत होते. मूठ धावड्याच्या लाकडाची, अब्बा घालायचे तीच. त्याचे पैसे ते घेत नाहीत, ते तुला माहीत आहे.

मी परत येऊन बसले. मग हे दुपारच्या जोहरच्या नमाजला गेले आणि मी एकटी राहिले. तेवढ्यात दिवलीबाई आली. तू लहान असताना तुला करवंदं आणून द्यायची ती, आता पार वाकली आहे. बरोबर तिच्या पाड्यावरच्या पाच-सहा बाया, प्रत्येकीच्या हातात मोडका विळा. दिवलीबाईच्या तळहाताला फडकं बांधलेलं, वर हळद. फांदी तोडताना पातं मुठीतून सुटलं आणि तळहातात गेलं. तिला त्याचा राग नव्हता. हसत होती. मला बघून म्हणाली (तिच्या बोलीतलं मी आपल्या मराठीत लिहिते), ‘अगं, उस्तादची पोरगी! किती जाडी झालीस! घे, तुझ्या बापाचा विळा म्हातारा झाला, माझ्यासारखा. बदलून दे.’ बाया हसल्या.

मी विळा हातात घेतला. अंगठा फिरवला. ठिपके होते.

मला शेजारच्या ढिगातला एक उचलून द्यायचा होता, बस. हे असते तर तेच केलं असतं. पण माझ्या पिशवीत तुझी नोटीस होती, समोर तो भोंगा वाजत होता, आणि त्या फडक्यावरची हळद ओली होती. मी उठून उभी राहिले आणि मोठ्याने बोलले. इतक्या मोठ्याने मी आयुष्यात बोललेले नाही. म्हटलं, ‘तीन ठिपक्यांचा विळा आता आमचा नाही. घेऊ नका. तो सुरतेचा आहे, त्यात गफूर उस्तादांचा हात नाही. मी त्यांची मुलगी सांगते. मोडला तर आमच्याकडे आणू नका, ज्याने विकला त्याच्याकडे न्या.’

भोंगा बंद पडला. लोक जमले. कोणीतरी मागून विचारलं, ‘मग तुमच्या ढिगावर कसले ठिपके आहेत?’

खरंच होतं. आमच्याही विळ्यांवर तेच. मी काय सांगणार? आमचे ठिपके खरे आणि त्याचे खोटे? अंगठ्याला दोन्ही सारखेच लागतात. सगळ्या बाजाराने दोन्ही ढिगांकडे पाहिलं आणि दोन्हीकडचे विळे खाली ठेवले. त्या दिवशी ना भरतचा विळा खपला ना आमचा. बायका कुठल्याशा धडगावच्या माणसाकडून चाकू घेऊन गेल्या.

दिवलीबाई मात्र हलली नाही. तिला माझ्या भाषणातलं निम्मंच समजलं असेल. तिने विचारलं, ‘सुरत लांब आहे?’

‘लांब आहे.’

‘माझ्या सासूला तुझ्या बापाने इथे बसून सांगितलं होतं, मोडला तर आण. मी तिथेच उभी होते. मग तो शब्द पण सुरतेला गेला का?’

टोमणा नव्हता रे तो. ती खरंच विचारत होती. गेला असेल तर तिला जायचा रस्ता हवा होता.

हे नमाजहून परतून मागे उभे होते, किती वेळ ते अल्लाहला ठाऊक. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पुढे होऊन त्यांनी दिवलीबाईला नवा विळा द्यायला हात लांब केला, तर तिने घेतला नाही. म्हणाली, ‘पोरगी नाही म्हणते. बाप तिचा होता.’ आणि मोडका विळा गोणपाटावर ठेवून बायांबरोबर गेली. बाकीच्यांनीही तेच केलं.

येताना जीपमध्ये हे बोलले नाहीत. घरी आल्यावरही नाहीत. होळी झाली, धुळवड झाली, भट्टी पेटलेली नाही. इफ्तारला समोरासमोर बसतो, खजूर माझ्या पुढे सरकवतात, एवढंच. मी माफी मागितली. ‘माझ्याशी काय मागतेस’ म्हणाले आणि उठले. सजद्यात डोकं ठेवलं की मला त्या बाईचा हातच दिसतो. बरं केलं की वाईट केलं, ते ह्या रमजानच्या उरलेल्या रात्रींत कळेल अशी आशा धरून आहे.

तुला हे सगळं राग म्हणून लिहीत नाही, असं लिहायला बसताना ठरवलं होतं. तसं झालं नाही. राग आहे. तू नुसता परका असतास तर मी त्या वकिलाच्या टेबलावर आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांची नावं लिहून दिली असती.

परवा मात्र हे आपणहून बोलले. नोटीस पुढ्यात घेतली, चष्मा लावला, चौथ्या कलमावर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘ठिपके सोडतो. अज्जूच्या बापाचे आहेत, अज्जूला राहू दे. पण बदलून देणं मी कसं सोडू? ते माझं कुठे आहे सोडायला?’ पहिल्या तीन कलमांखाली त्यांनी सही केली आहे. कागद सोबत जोडला आहे. म्हणजे आजपासून तीन ठिपके तुझे. आमच्या विळ्यावर यापुढे काही नसेल, कोणी घेतला तर घेईल.

चौथ्या कलमाखाली जागा कोरी ठेवली आहे. तिथे ह्यांनी सही केली नाही, कारण तिथे त्यांचं काही नाही. तिथे तू लिहायचं आहेस. वकिलाने नव्हे, टाइप करून नव्हे, तुझ्या अक्षरात. तीन ठिपक्यांचा मोडलेला विळा कोणी आणला तर मी बदलून देईन, असं लिही, आणि कुठे येऊन द्यायचा ते लिही. किंवा देणार नाही, असं लिही. दोन्हीपैकी जे खरं असेल ते. मी तुला त्यावर पुन्हा एक शब्द विचारणार नाही, कोर्टातही येणार नाही.

ईदनंतरच्या पहिल्या बाजाराला मी मोलगीला जाणार आहे, एकटी. हे येणार नाहीत. दिवलीबाई येईल, तिच्या पाड्यावरच्या बाया येतील. तिने विचारलं होतं त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, ते मी तुझ्या अक्षरात वाचून दाखवीन. जसं असेल तसं, सगळ्यांसमोर.

तेव्हा ईदच्या आत पोचेल असं, उलट टपाली कळव.

गफूर उस्तादांची मुलगी,
नईमा